बिकेनताकेची उंची तीन मीटर

“आपला देश हा जगातील अतिविशाल देशांपैकी एक आहे.”

पाचवीच्या ‘आपला देश’ या पुस्तकातलं हे पहिलं वाक्य. इओतेबा मास्तरांनी ते स्वतः लिहिलं होतं आणि पुढे सव्वीस वर्षं स्वतःच शिकवलं होतं. वाक्यात खोटं काही नव्हतं. एवढंच, की या अतिविशाल देशातला जवळजवळ सगळा देश पाणी होता. शाळा उघडली की पहिल्या दिवशी मास्तर हे वाक्य वर्गाकडून तीनदा म्हणवून घेत, मग वर्ग बाहेर काढत आणि एखाद्या दांडग्या मुलीला प्रवाळाच्या कड्यात अडकलेल्या आतल्या समुद्राकडे पाठ करून नारळ भिरकावायला सांगत. नारळ अतिविशाल देश ओलांडून बाहेरच्या समुद्रात पडे.

“काय समजलं?” मास्तर विचारत.

“नारळ वाया गेला,” वर्ग एका सुरात म्हणे.

पुस्तकात चार धडे होते. भूगोल, लोक, शासन आणि अर्थव्यवस्था. भूगोलाला सोळा पानं लागली होती, अर्थव्यवस्थेला दीड पुरलं. सुकं खोबरं, परदेशी बोटींना दिलेले मासेमारीचे परवाने आणि परदेशी बोटींवर कामाला गेलेली आपली पोरं, यापलीकडे ती लांबवणार तरी कशी? पान चौदावर एक तक्ता होता. बेटाचं नाव, लोकसंख्या, सर्वांत उंच जागा. त्यातली शेवटून दुसरी ओळ अशी होती: बिकेनताके, एकसष्ट, तीन मीटर.

बिकेनताके हे मास्तरांचं स्वतःचं बेट. आणि आता सांगायला हरकत नाही, तीन मीटर ही शुद्ध थाप होती. मास्तरांनी काठी आणि दोरी घेऊन मोजलं तेव्हा भरतीच्या खुणेपासून एक मीटर ऐंशी भरलं होतं. पण त्या वर्षी त्यांची आई हयात होती. तिला वाचता येत नव्हतं. बोटं मात्र पक्की मोजता येत होती.

“समोरच्या तबोनुएआला किती लिहिलंस?” तिने चटई विणता विणता विचारलं.

“तीन.”

“आणि आपल्याला?”

मास्तर पेन्सिलीला टोक करत बसले.

“त्यांचे तर मासेसुद्धा आपल्यापेक्षा बारके,” आई म्हणाली आणि पुन्हा विणायला लागली.

मास्तरांनी खोडरबर घेतलं. अख्ख्या पुस्तकात तेवढं एकच खोटं होतं, आणि तेही आईसाठी.

समुद्राने मात्र पुस्तक वाचलेलं नव्हतं. आई गेली त्याच्या पुढच्याच वर्षी विहिरीचं पाणी मचूळ झालं. मग बाबाईच्या, म्हणजे आमच्या मोठ्या अळूच्या, खड्ड्यांत खारं पाणी शिरलं आणि हाताहाताएवढे कंद जागच्या जागी कुजले. मग माडांची मुंडकी गळाली. उघडे बुंधे तेवढे उभे, शिक्षा दिल्यासारखे. आठ वर्षांपूर्वी शेवटची सहा घरं भांडीकुंडी होडीत टाकून तबोनुएआवर आली. त्यांतलं एक मास्तरांचं.

तबोनुएआवर जमीन कुणाची आणि कुठवर, हे तिथल्या तान्ह्या पोरालाही ठाऊक. ज्याची जमीन नाही त्याने पावलं हलकी टाकायची. मास्तर बायकोच्या भावाच्या जमिनीवर, अगदी काठाशी, छपरी टाकून राहिले. हा मेव्हणा तिओने माणूस भला. रोज सकाळी माडी काढायला जाताना छपरीसमोर थांबायचा आणि म्हणायचा, “दाजी, सावकाश राहा. घर तुमचंच आहे.” ज्याचं घर खरोखर त्याचं असतं त्याला असं रोज कुणी सांगत नाही. मास्तर हसून मान डोलवायचे, आणि दिवसभर त्यांना घास गोड लागायचा नाही.

यावर उपाय होता आणि तो कायद्यात होता. जे बेट बुडालं, त्याच्या रहिवाशांना सरकारी जमीन मिळेल, असं सरकारनेच एका उत्साहाच्या भरात लिहून ठेवलं होतं. जमीनही होती, जुन्या धावपट्टीमागे, दोनशे माडांसकट, ओसाड पडलेली. फक्त बेट बुडाल्याचा सरकारी कागद हवा. मास्तरांनी सहा घरांच्या वतीने अर्ज केला. उत्तर आलं: ‘सदर बेट अस्तित्वात आहे. संदर्भ: आपला देश, इयत्ता पाचवी, पान १४.’

मास्तरांनी दुसरा अर्ज केला. उत्तर तेच. सहाव्या अर्जाच्या उत्तराला पान चौदाची छायाप्रतच जोडून आली, शासनाच्या गोल शिक्क्यासकट. आयुष्यभर कुणी आपलं पुस्तक वाचत नाही अशी मास्तरांची तक्रार होती, तीही मिटली.

बेट पंचायतीचा कारकून बेनेती हा त्यांचाच विद्यार्थी. तो एकदा आजूबाजूला बघून म्हणाला, “मास्तर, कशाला टपाल वाया घालवता? तुमचं बेट कडेला आहे. देशाची समुद्रातली रेघ तिथून आखलीय. बिकेनताके बुडालं तर रेघ मागे येते. रेघ मागे आली की तेवढे मासे परक्याचे.”

“मासे काय बेटाचं नाव वाचून पोहतात?”

“मासे नाही वाचत. परदेशी मासेमारी कंपन्यांचे वकील वाचतात.”

“म्हणजे आम्ही बुडालो तरी चालेल, बेट बुडता कामा नये.”

“तुम्ही एवढं चांगलं समजावून सांगता, मास्तर,” बेनेती हळहळून म्हणाला, “तुम्ही शाळा सोडायला नको होती.”

अशात बातमी आली, की मत्स्य आणि सागरी हद्द खात्याचे मंत्री तबोनुएआला येणार. गावाने डुकरं राखून ठेवली. मास्तरांच्या बायकोने, आकेनेतेने, चूल फुंकायची थांबवली आणि म्हणाली, “आता मागायचं.”

मंत्री तेकीएरा हा मास्तरांच्या थोरल्या बहिणीचा मुलगा. सख्खा भाचा. आणि आमच्याकडे नात्यातल्या माणसाने चारचौघांत तोंड उघडून मागितलं, की द्यावं लागतं. याला बुबुती म्हणतात. नाही म्हणायची सोय नाही. म्हणणाऱ्याची लाज त्याच्या नातवंडांपर्यंत जाते. मास्तरांची सायकल अशीच एका चुलतभावाकडे गेली होती, रेडिओ बायकोच्या मावशीकडे, आणि निवृत्तीच्या दिवशी मिळालेलं घड्याळ तर शाळेच्या फाटकापर्यंतसुद्धा टिकलं नव्हतं. पण स्वतः मास्तरांनी जन्मात कधी कुणाकडे काही मागितलं नव्हतं. शिक्षकाने मागायचं नसतं, उत्तरं मागायची असतात, असं ते म्हणत. त्यामुळे त्यांची अख्ख्या आयुष्याची मागणी शिल्लक होती, आणि गावाला ते माहीत होतं.

“काय म्हणणार ते म्हणून दाखवा,” आकेनेते म्हणाली.

मास्तर उभे राहिले. घसा साफ केला. “आधी थोडी पार्श्वभूमी…”

“पार्श्वभूमी नको.”

“अगं, प्रस्तावना नको का? एकदम मागणं म्हणजे…”

“मागणं म्हणजे मागणं. पुढच्या खांबाखाली बसायचं, आणि तो बसल्याबरोबर म्हणायचं, ‘पोरा, मला माझं बेट बुडाल्याचा कागद दे.’ सात शब्द आहेत. मी मोजलेत. मग गप्प बसायचं. त्याला सगळ्या गावासमोर द्यावाच लागेल. शेवटी तो तुमच्या बहिणीचा आहे.”

“सात शब्द फार कमी होतात,” मास्तर म्हणाले.

“आपल्याकडे जमीन किती आहे?”

मास्तर खाली बसले आणि सात शब्द पाठ करायला लागले.

सभा मानेआबात भरली. मानेआबा म्हणजे गावाचं मोठं छप्पर. भिंती नाहीत, खांब आहेत, आणि दर घराण्याचा खांब ठरलेला. बिकेनताकेच्या सहा घरांना खांब नव्हता. ती पाहुणी म्हणून पावसाच्या बाजूला बसायची, आठ वर्षं. पण आज मंत्र्यांचे मामा म्हणून मास्तरांना पुढे बोलावलं. मंत्री आले. गळ्यात फुलांचे इतके हार, की त्यातून फक्त काळा चष्मा दिसत होता. त्यांनी वाकून मामांचे हात धरले. नाच झाला, डुक्कर झालं, नीरफणस झाला, डब्यातलं गोमांस झालं. मग गावातल्या सर्वांत वयस्क म्हाताऱ्याने मास्तरांकडे बोट केलं. “मास्तर, दोन शब्द बोला.”

त्याने दोन म्हटलं. आकेनेतेने मागून सात बोटं दाखवली. मास्तर उभे राहिले, समोर दोनशे माणसं मांडी घालून बसलेली पाहिली, आणि सव्वीस वर्षांची सवय त्यांच्या मानगुटीवर बसली.

“आपला देश,” मास्तर म्हणाले, “हा जगातील अतिविशाल देशांपैकी एक आहे.”

मागच्या रांगेतल्या चाळिशीच्या बाप्यांनी नकळत ते वाक्य तीनदा म्हटलं. मग मास्तरांनी भूगोल घेतला. विहिरीचं पाणी कसं मचूळ झालं, कुठल्या वर्षी, कुठल्या महिन्यात. मग लोक घेतले. सहा घरांतली माणसं नावानिशी, कोण राजधानीत कुणाच्या ओट्यावर झोपतं, कोण बोटीवर गेलं ते आलंच नाही. मग शासन घेतलं, आणि सहा पत्रांची सहा उत्तरं तोंडपाठ म्हणून दाखवली. उत्तर एकच असल्याने ते पाठ करणं सोपं होतं. बोलले मात्र सुरेख. बायकांनी डोळे पुसले. तिओनेने मान खाली घातली. आणि मंत्री तर काळा चष्मा काढून रडले. ओल्या डोळ्यांनी, नाक ओढत, शाळेतल्यासारखे.

“आणि आता,” मास्तर म्हणाले, “चौथा आणि शेवटचा मुद्दा, अर्थव्यवस्था…” आणि श्वास घ्यायला थांबले.

त्या एका श्वासात मंत्री उठले, मास्तरांसमोर येऊन जमिनीवर बसले आणि दोन्ही हात पुढे केले.

“मामा,” ते म्हणाले, “मी तुमच्याकडे मागतो.”

बाहेर शिजवलेल्या डुकरापाशी कुत्री भांडत होती, तेवढाच आवाज.

“मामा, मी मंत्री म्हणून नाही मागत. तुमच्या बहिणीचा मुलगा म्हणून मागतो. कंपन्यांनी दावा लावलाय, की बिकेनताके हे बेटच नाही. पुढच्या महिन्यात बाहेरून मोजणीचं पथक येतंय. त्यांना तिथे माणूस राहताना दिसला पाहिजे. तुम्ही आणि मामींनी आठ दिवस बेटावर राहावं. आणि ते विचारतील तेव्हा बेट आहे असं सांगावं. पान चौदावर आहे तसं. एवढं मला द्या.”

आमच्याकडे एक नियम आहे. ज्याच्याकडे मागितलं, त्याने मागणाऱ्याकडे उलटून मागायचं नाही. तसं केलं तर तो सौदा होतो, आणि सौदे दुकानात करतात. मास्तरांचे सात शब्द दातांच्या मागे रांगेत उभे होते. दोनशे माणसं त्यांच्याकडे बघत होती. त्यातली दीडशे तबोनुएआच्या शाळेत त्यांच्या हातच्या छड्या खाऊन शहाणी झालेली.

“घे,” मास्तर म्हणाले.

टाळ्यांचा कडकडाट झाला. मंत्र्यांनी मामांना मिठी मारली, आणि मामींना आपल्यातर्फे भेट म्हणून अंडी देणारी एक लाल कोंबडी जाहीर केली. पुन्हा टाळ्या.

परतताना आकेनेते म्हणाली, “सात शब्द दिले होते तुम्हाला. तुम्ही एकच वापरलात. आणि तोही त्याला देऊन टाकलात.”

पुढच्या महिन्यात सरकारने बिकेनताके तयार केलं. राजधानीहून एक अधिकारी आला, त्याच्या हातात वकिलांनी दिलेली यादी होती. बेट म्हणजे नुसती जमीन असून भागत नाही, तिथे माणसाला राहता आलं पाहिजे आणि पोट भरता आलं पाहिजे, असा जगाचा कायदा आहे म्हणे. माडाच्या चार बुंध्यांवर उंच माची बांधून छप्पर टाकलं. छपरावर झेंडा लावला. पिंपात एक माड लावून पिंप वाळूत पुरलं.

“लोक?” अधिकाऱ्याने यादीवर पेन्सिल टेकवून विचारलं.

“आम्ही दोघं,” मास्तर म्हणाले.

“शासन?”

मास्तरांनी झेंड्याकडे बोट केलं.

“अर्थव्यवस्था?”

माचीच्या खांबाला केवड्याच्या दोरीने बांधलेली लाल कोंबडी वाळू उकरत होती. अधिकाऱ्याने तिच्याकडे पाहिलं, पेन्सिल जिभेला लावली आणि यादीवर खूण केली.

मास्तरांना राहून राहून वाटत होतं, की आपण चार धड्यांचं पुस्तक उगाच लांबवलं. एवढ्यात भागत होतं.

बेट आता ओहोटीला शाळेच्या पटांगणाएवढं असे आणि भरतीला नसे. म्हणजे अगदीच नसे असं नाही. दक्षिणेच्या टोकाला आईची समाधी होती. प्रवाळाच्या लाद्या मास्तरांनी स्वतः खांद्यावरून वाहून आणल्या होत्या, आणि त्याभोवती पांढऱ्या गोट्यांचं कडं त्यांच्या बहिणीने, म्हणजे मंत्र्यांच्या आईने, एकेक गोटा निवडून लावलं होतं. रोजच्या भरतीत सगळं पाण्याखाली जाई, समाधीचा माथा तेवढा वर राही. आई आयुष्यभर बुटकी होती. आता बेटावरची सर्वांत उंच तीच.

आठ दिवस दोघं माचीवर राहिली. कोंबडी भरतीला माचीवर येई आणि आकेनेतेच्या मांडीशी बसे. आकेनेतेने तिचं नाव अर्थव्यवस्था ठेवलं होतं.

“आज अर्थव्यवस्थेने अंडं दिलं नाही,” ती सकाळी सांगे.

“काल दिलं होतं ना?”

“काल तेजी होती.”

त्या आठ दिवसांत, बऱ्याच वर्षांनी, दाजी सावकाश राहा असं कुणी म्हटलं नाही. मास्तरांना जेवण गोड लागलं. पिण्याचं पाणी डब्यातून आणलेलं, भात डब्यातला, मासे तेवढे घरचे. चौथ्या दिवशी आकेनेते भांडी घासता घासता म्हणाली, “तुमच्या लक्षात येतंय का? तुम्ही बेट आहे म्हणालात, की धावपट्टीमागची जमीन गेली. आपलीच नाही, सहाही घरांची. कायमची.”

“येतंय.”

“मग?”

“दिलंय मी त्याला. चारचौघांत.” जरा वेळाने ते म्हणाले, “पण ते झालं ना, की देणं फिटलं. बैठक मोडली. मग मी मागू शकतो. कायद्याने नाही देता आली तरी त्याच्या स्वतःच्या वाट्याची जमीन आहे की तबोनुएआवर, बापाकडून आलेली. तिथे कुणी राहत नाही. ती मागेन. पथक गेलं की लगेच, इथेच.”

“किती शब्दांत?”

“सात,” मास्तर म्हणाले. “पाठ केलेत.”

नवे सात शब्द असे होते: पोरा, आम्हाला तुझ्या बापाची जमीन दे. आकेनेतेने बोटांवर मोजून पाहिले. सहाच भरले. ती म्हणाली, सहा असले तर आणखी बरं.

खात्याने पथकाची वेळ भरतीओहोटीचं वेळापत्रक बघून ओहोटीची ठरवली होती. फक्त विमानाला ते वेळापत्रक कुणी दाखवलं नव्हतं. विमान तीन तास उशिरा आलं, आणि पथक होडीतून उतरलं तेव्हा पाणी चढत होतं. पथकाची प्रमुख पांढऱ्या केसांची एक उंच बाई होती. तिच्या मागे यंत्रं उचललेले दोघं, मग तरंगायचं जाकीट आणि टाय दोन्ही घातलेला कंपन्यांचा वकील, आणि मग मंत्री, पँट गुडघ्यापर्यंत दुमडलेले.

बाई भली होती. तिने माची पाहिली, झेंडा पाहिला, पिंपातल्या माडाला हात लावला. कोंबडीपाशी क्षणभर थांबली. मग मास्तरांना म्हणाली, “तुम्हीच ना ते पुस्तक लिहिलेलं? मी वाचलंय. भाषांतर करून घेतलं मी.”

“कसं वाटलं?” मास्तरांनी विचारलं. काही झालं तरी लेखक तो लेखक.

“पहिलं वाक्य फार आवडलं.”

पाणी तिच्या घोट्यापर्यंत आलं होतं. तिने मास्तर इथे राहतात का विचारलं. मास्तर म्हणाले, राहतो. जन्म इथलाच? इथलाच. बेटावरची सर्वांत उंच जागा कोणती? मास्तरांनी दक्षिणेकडे बोट केलं. सगळे पाण्यातून चालत तिकडे गेले. तोवर वाळू दिसेनाशी झाली होती. भोवती सपाट, चकचकीत पाणी, आणि मधे लाद्यांचा तेवढा माथा.

“हे मोजता येणार नाही,” वकील चटकन म्हणाला. “हा ढीग माणसाने रचलेला दिसतो. निसर्गाने केलेलं असेल तरच बेट. दगड आणून टाकलेत आणि वर गोटे लावलेत. बघा, कडं आहे कडं.”

बाईने वाकून पाहिलं. पाण्याखाली पांढरे गोटे अजून जागच्या जागी होते, एकही हलला नव्हता. बहिणीचा हात तसा पक्का.

“मास्तर,” बाई हळूच म्हणाली, “हे काय आहे? तुम्ही सांगाल ते मी लिहीन.”

मास्तरांनी भाच्याकडे पाहिलं. मंत्र्यांनी काळा चष्मा घातला होता आणि ते क्षितिजावर कुठेतरी मासे मोजत असल्यासारखे पाहत होते. त्यांची आजी होती ती. लहानपणी तिच्या पाठीवर बसून ते ताजी गोड माडी प्यायला मागायचे. मास्तरांच्या मनात आलं, की एक शब्द बोललो, समाधी, एवढाच, तर सहा घरांना जमीन, दोनशे माड, आणि आईला आईचं नाव. भाचा चारचौघांत तोंडघशी पडेल, मामाने दिलेलं परत घेतलं म्हणून आपली लाज निघेल, पण जमीन मिळेल. माचीवरून आकेनेते बघत होती. ती हात वर करून बोटं दाखवत नव्हती. नुसती बघत होती.

“खडक आहे,” मास्तर म्हणाले.

“नैसर्गिक?”

“नैसर्गिक.”

“आणि हे गोटे?”

“समुद्राने आणले.”

“इतकं गोल कडं?” वकील म्हणाला.

“आमचा समुद्र फार नीटनेटका आहे,” मास्तर म्हणाले.

बाईने काही क्षण त्यांच्याकडे पाहिलं. मग तिने लिहिलं. पाणी पुरतं भरलं तेव्हा यंत्रवाल्यांनी आईच्या माथ्यावर काठी टेकवली. पाण्यावर चाळीस सेंटीमीटर.

“पुस्तकात तीन मीटर आहे,” वकील म्हणाला.

“फरक आहे,” बाई म्हणाली. “पण बेट असायला चाळीस सेंटीमीटर पुरतात.”

मंत्र्यांनी मामांना मिठी मारली. होडीवरच्या यंत्रातून राजधानीला बातमी गेली. संध्याकाळी रेडिओवर लागेल, आपला देश आहे तेवढाच विशाल राहिला म्हणून. तबोनुएआवर बाकीची पाच घरं ती ऐकतील. तिओनेही ऐकेल, आणि उद्या सकाळी माडी काढायला जाताना थांबेल.

पथक होडीत बसलं. मास्तर-मामींसाठी होडी उद्या येणार होती. या होडीत यंत्रांमुळे जागा नव्हती. मास्तर माचीच्या शिडीपाशी कमरेएवढ्या पाण्यात उभे राहिले. आकेनेते वरून म्हणाली, “आता.”

मंत्री शेवटचे चढत होते. मास्तरांनी घसा साफ केला. प्रस्तावना नाही, पार्श्वभूमी नाही. त्यांनी तोंड उघडलं.

“पोरा…”

त्याच क्षणी मंत्रीही वळले. “मामा!” ते म्हणाले, आणि दोन्ही हात पुढे केले.

सव्वीस वर्षं पोरांनी हात वर केला, की मास्तर स्वतःचं बोलणं थांबवून आधी त्यांचं ऐकत आले होते.

“बोल,” ते म्हणाले.

“मागायला लाज वाटते,” मंत्री म्हणाले, “पण ती कोंबडी तेवढी परत देता का? उद्या पुढच्या बेटावर लागणार आहे.”